मालकांच्या गाण्याचं दुसरं कडवं

आमच्या मालकांच्या जावयाला सी या संगणकभाषेतले मॅलॉक आणि फ्री हे दोन शब्द धड कळत नव्हते, आणि कार्डावर मात्र 'मुख्य तंत्रज्ञान अधिकारी' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. नाव च्यू शाओ-थिंग. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आला, मालकांच्या एकुलत्या एका मुलीशी लग्न केलं आणि मधुचंद्राहून उतरला तो थेट आमच्या डोक्यावर. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमच्या कंपनीत बाकीच्या नऊंना काही कामच उरलं नव्हतं.

कंपनी तैवानात, ताइचुंगजवळ दालीला. आम्ही कराओकेची यंत्रं बनवतो. जेवणाच्या हॉटेलांत, लग्नाच्या हॉलांत, म्हाताऱ्यांच्या क्लबांत, जिथे जिथे माणसं दोन पेले रिचवून स्वतःला गायक समजतात तिथे आमचं यंत्र असतं. मालक लाइ चिन-श्वे तरुणपणी फुटके स्पीकर दुरुस्त करायचे, त्यातून हे सगळं उभं केलं. मी रुआन मेइ-ह्वा, यंत्राच्या आतला प्रोग्राम लिहिणाऱ्यांतली सगळ्यांत जुनी. जावईबापू यायच्या आधी तो प्रोग्राम माझा होता. त्याने आल्या आल्या तो 'जुनाट' ठरवला आणि गाणं उघडायचा भाग स्वतःच्या हाताने नव्याने लिहिला.

गोष्ट समजायला अजिबात अवघड नाही, म्हणूनच संताप येतो. प्रोग्रामला चालताना जागा लागते. ती यंत्राच्या मेमरीतून मागून घ्यायची, ते मॅलॉक. तीच पुसून कोरी करून हवी असेल तर कॅलॉक. पुरली नाही, वाढवून हवी, तर रिअ‍ॅलॉक. काम झालं की परत करायची, ते फ्री. आणि एकदा परत केली की तिकडे पुन्हा ढुंकूनही बघायचं नाही, कारण यंत्र ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन मोकळं होतं. एवढंच. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पोरं हे रडतखडत का होईना शिकतात. डॉक्टरसाहेब त्या तासाला बहुतेक गैरहजर होते.

त्यांनी काय केलं, तर दर गाण्याला शब्दांसाठी मॅलॉकने जागा मागितली आणि परत केलीच नाही. फ्री हा शब्द त्यांच्या प्रोग्राममध्ये औषधालाही नव्हता. संध्याकाळी यंत्र झकास चालायचं. जेवणं रंगायची, गाण्यावर गाणी व्हायची, मेमरी भरत जायची, आणि नेमकं सगळं टेबल गळ्यात गळे घालून धृपद धरायचं तेव्हा यंत्र मान टाकायचं.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, गाणं संपल्यावर शब्दांची जागा आपण परत करत नाही."

त्यांनी खुर्ची अर्धवट वळवली. "मेइ-ह्वा ताई, मेमरी आता किती स्वस्त झालीय, कल्पना आहे का? तुमच्या काळात ठीक होतं हे, कणाकणाचा हिशोब ठेवणं."

माझा काळ! मी या माणसापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी.

"स्वस्त असेल साहेब, पण आपण यंत्रात घातली तेवढीच आहे. बाजारातली यंत्रात येत नाही."

"त्याला उपाय आहे माझ्याकडे," ते म्हणाले. आणि उपाय काय? माहितीपुस्तिकेत एक ओळ वाढवली: 'यंत्राच्या उत्तम आरोग्यासाठी अधूनमधून ते बंद करून पुन्हा सुरू करावे.' सात समुद्र ओलांडून एवढी विद्या आणली होती.

फंगयुआनच्या एका हॉटेलवाल्याने शेवटी मालकांना फोन केला. तो मालकांचा शाळासोबती, त्यामुळे भाषा शाळेतलीच. कुणा नगरसेवकाच्या आईच्या वाढदिवसाला यंत्र मेलं होतं. मालकांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी बाहेर बसलेल्या आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला. त्यातले बरेचसे मालकांच्या आईविषयी होते.

बैठक बोलावली गेली. मालक म्हणाले, "शाओ-थिंग, हे काय चाललंय? माणसं मला शिव्या घालतायत."

"छोटीशी गोष्ट आहे, बाबा. मी स्वतः बघतो."

मालक माझ्याकडे वळले. "आ-ह्वा, तू मदत कर गं त्याला."

"गरज नाही," जावईबापू म्हणाले. "मेइ-ह्वा ताईंना जुन्या कामांतून उसंत नसते."

आणि त्यांनी स्वतः बघितलं. ज्या प्रोग्राममध्ये एकही फ्री नव्हता त्यात आता बदाबदा फ्री पडले. गाण्याचे शब्द मेमरीत आणायचे, पहिलं कडवं पडद्यावर टाकायचं आणि लगेच जागा परत. दुसरं कडवं? तेही त्याच जागेतून वाचायचं, जी मघाशीच परत करून टाकली होती! वाचताना मला हसू आलं, आणि मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गाणं पूर्ण संपल्यावर लिहायची ओळ या गृहस्थाने गाणं सुरू होताच लिहिली होती.

"साहेब, ही जागा आपली राहिलेली नाही," मी म्हटलं. "दुसरं कडवं वाचायच्या वेळी तिथे काय असेल कोण जाणे."

"शब्द दिसतायत ना पडद्यावर?"

"आत्ता दिसतायत. परत केलेली जागा लगेच कुणी पुसत नाही, म्हणून जुनी अक्षरं तशीच पडून आहेत. दुसऱ्या कुणाला ती जागा मिळाली की संपलं."

"दुसरं आहेच कोण? यंत्रात एका वेळी एकच गाणं चालतं." मग ते नेहमीसारखे हसले, सासऱ्याच्या पैशाने पांढरे केलेले दात दाखवत. "ताई, प्रत्यक्ष चाललं की चाललं. तुम्ही पुस्तकी फार विचार करता."

डॉक्टरेट त्यांची आणि पुस्तकी मी!

चाचणीचं काम वेइकडे होतं. वेइ म्हणजे असा इसम, जो पगार घेऊन दिवसभर काचेच्या खोलीत गातो आणि तरीही सुरात येत नाही. साहेबांचा मूड बघून त्याचा निकाल ठरायचा. त्याने ओलाँग चहाचा थर्मास भरून घेतला, दिवसभर ऊर फुटेस्तोवर गायला आणि बाहेर येऊन म्हणाला, "अप्रतिम, साहेब! दुसरं कडवं तर पहिल्यापेक्षाही स्वच्छ दिसतं."

"वेइ दादा," मी विचारलं, "दिसण्यात स्वच्छ आणि कमी स्वच्छ असा काही प्रकार असतो का?"

"अनुभवी डोळ्याला कळतं ते, ताई."

मी लेखी हरकत नोंदवली. त्याचं बक्षीस म्हणून मला माहितीपुस्तिका सुधारायच्या कामावर बसवलं. बसले. मूर्खाच्या हाताखाली राबण्यापेक्षा त्याच्या सूचनांतली व्याकरणाची चूक काढणं जास्त सुखाचं असतं.

तोवर वर्षअखेरची मेजवानी जवळ आली. आमच्याकडे ती दर वर्षी होते, चांद्रवर्ष संपायच्या आत. सगळे कामगार, त्यांच्या घरचे, जेवण, सोडत, मालकांचं गाणं. यंदा जावईबापूंनी जाहीर केलं की स्टेजवर आपलं नवं यंत्र लागेल, आणि त्यात नवी सोय असेल: पाहुण्यांनी फोनवरून निनावी संदेश पाठवायचा, हिशोबखात्यातल्या तेंग बाई तो तपासतील, त्यांनी पसंत केला की पडद्याच्या वरच्या पट्टीत तो सरकत जाईल.  दर संदेशाला जागा लागणार. म्हणजे यंत्रात आता 'दुसरं कुणी' आलं होतं.

मी सरळ मालकांकडे गेले. ते खिडकीशी बसून गाण्याची तालीम करत होते.

"मालक, मेजवानीत जुनाच प्रोग्राम लावू द्या. नव्यात घोळ आहे."

"कसला घोळ?"

सांगितलं. अगदी सोपं करून सांगितलं. त्यांनी शेंगदाणे सोलत सोलत ऐकलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "आ-ह्वा, तू हुशार आहेस गं. पण तुला माणसं सांभाळता येत नाहीत. तो जावई आहे. त्याची चूक काढायची म्हणजे माझ्या मुलीच्या निवडीत चूक काढायची. जा, जेवायला ये त्या दिवशी."

गेले जेवायला. हॉल भरलेला होता. गोल टेबलं, लाल टेबलक्लॉथ, वाफेवरचे बन, चिकट भात, आख्खी वाफवलेली कोंबडी. कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे वळलेलं असेल त्याची नोकरी गेली अशी जुनी चाल आहे, म्हणून वाढपी हल्ली डोकंच काढून आणतात. वेइने तरी आमच्या टेबलावरची ताटली हळूच फिरवून मान माझ्याकडे केली आणि स्वतःच खिदळला. अशा माणसाला उत्तर देण्याइतकी मी अजून रिकामी झाले नव्हते.

संदेश सुरू झाले. वरच्या पट्टीत 'मालकांना दीर्घायुष्य', 'सर्वांना आरोग्य' असलं गुळमुळीत सरकत होतं. खरी गंमत तेंग बाईंच्या लॅपटॉपवर होती. निनावी आहे आणि नापसंत झालेलं कुणाला दिसणार नाही, म्हटल्यावर लोकांनी तेंग बाईंच्या करमणुकीसाठी वाट्टेल ते पाठवायला घेतलं होतं. बाई तोंडावर रुमाल धरून गदगदत होत्या आणि एकामागून एक संदेश नापसंत करत होत्या. पण पसंती-नापसंती नंतरची. संदेश आल्या आल्या यंत्र त्याला जागा देऊन टाकत होतं. कुठली? जी नुकतीच मोकळी झाली ती.

मालक स्टेजवर चढले. टाळ्या. दर वर्षीचं गाणं. बंदरावर नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं, जुनं, रडकं. पहिलं कडवं मालकांना पाठ आहे. 'बोट गेली, दिवा विझला, मी अजून धक्क्यावर.' डोळे मिटून गायले, आवाज थरथरवला, बायकांनी डोळे टिपले. दुसरं कडवं त्यांना कधीच पाठ नव्हतं. म्हणून त्यांनी डोळे उघडले, चष्मा नाकावर सरकवला, आणि पडद्यावर जे अक्षर रंगत जाईल ते त्या चालीत, तितक्याच व्याकूळ आवाजात गायला लागले:

"डॉक्टर अमेरिकेहून आले... डोकं विमानतळावरच राहिलं..."

हॉलमध्ये चॉपस्टिक खाली पडली असती तरी ऐकू आली असती. मालकांना अर्थ लागायला वेळ लागला, कारण ते सुरात होते. 'राहिलं'वर त्यांनी जी तान घेतली ती दर वर्षी 'परतला नाही'वर घेतात, तीच. आणि मग कारखान्याच्या जुळणी विभागाकडून पहिला हुंदका आला. रडण्याचा नव्हे. पाठोपाठ सगळा हॉल फुटला.

पडदा थांबला नाही. पुढची ओळ रंगली: 'वेइ दादा गातात तेव्हा गल्लीतली कुत्री राजीनामा देतात.' त्याखाली: 'मालक, गाणं पुरे, सोडत काढा.' आणि त्याच्याखाली, ठळक, मध्यभागी: 'मेइ-ह्वा ताईपेक्षा फ्रीज बरा. उघडल्यावर त्यात निदान दिवा तरी लागतो.'

ही ओळ मालकांनी गायली नाही. पण हसण्याचा आवाज त्याच ओळीला सगळ्यांत मोठा आला. मी समोरची सूपची वाटी उचलली आणि ती रिकामी होईपर्यंत खाली ठेवली नाही. चव आठवत नाही.

जावईबापू स्टेजवर धावले. मालकांच्या हातून माईक जवळजवळ हिसकावला. "हॅक झालंय! कुणीतरी आपली प्रणाली हॅक केलीय! कृपया शांत बसा!"

शांत कोण बसतंय? नाचता येईना अंगण वाकडं, हे स्टेजवर प्रत्यक्ष बघायला मिळाल्यावर लोकांनी फोन उपसले. प्रत्येक जण पाठवायला लागला, आणि प्रत्येक नवा संदेश त्या परत केलेल्या जागेत जाऊन बंदरावरच्या बाईच्या तोंडी येऊ लागला. साहेब पडद्यासमोर हात पसरून उभे राहिले, तर ओळी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उमटल्या. शेवटी यंत्राने मान टाकली. त्याला तरी काही लाज होती.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे उभे. मला भाबडेपणाने वाटलं होतं, आता तरी कुणी विचारेल की प्रोग्राममध्ये काय चुकलं. छे! सगळ्या कंपनीला एकच प्रश्न पडला होता: विमानतळाची ओळ कुणी लिहिली?

"हे आतलं काम आहे," जावईबापू माझ्याकडे बघत म्हणाले. "ज्यांना बाजूला बसवलं त्यांचं."

"ताई आधीपासूनच म्हणत होत्या, दुसऱ्या कडव्यात गडबड होईल," वेइने पुरवणी जोडली. "आधी कसं कळलं त्यांना?"

"वाचता येतं म्हणून," मी म्हटलं. "मालक, यंत्र मागवा. आत्ता इथे दाखवते."

यंत्र आणलं. मी तेच गाणं लावलं, वेइला फोनवरून 'चहा आणा' असा संदेश पाठवायला सांगितलं, आणि दुसऱ्या कडव्यात बंदरावरची बाई म्हणाली: 'चहा आणा.' यापेक्षा स्पष्ट पुरावा देवसुद्धा देत नाही. वेइ वळला आणि खरंच चहा आणायला गेला.

मालकांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ते कळलं. पण लिहिलं कुणी?"

"मालक, चूक लिहिणाऱ्याची नाहीये—"

"आख्ख्या कंपनीसमोर मी ते गायलोय, आ-ह्वा! माझ्या तोंडून निघालंय. मला नाव हवंय."

तेंग बाईंना बोलावलं. त्या रडायलाच लागल्या. संदेश निनावी होते, त्यांना काही माहीत नव्हतं. जावईबापू म्हणाले, सगळ्यांचे फोन तपासू. जुळणी विभागापासून सुरुवात करू. ज्या बायकांनी रोज उभं राहून यंत्रं जुळवली त्यांचे फोन हा माणूस तपासणार होता, कारण याला एक ओळ योग्य जागी लिहिता येत नव्हती.

"फोन तपासायची गरज नाही." दारातून आवाज आला. लाइ युन-चिए उभी होती. मालकांची मुलगी, जावईबापूंची बायको. हातात त्यांचा जेवणाचा डबा, सकाळी घरी विसरलेला. "बाबा, मी लिहिलं ते."



"तू?" जावईबापू म्हणाले.

"तुझ्याच शेजारी बसून लिहिलं. तू सगळा वेळ मामांना सांगत होतास, कंपनीत तुझ्याशिवाय कुणाला काही कळत नाही. मला कंटाळा आला होता." तिने डबा टेबलावर ठेवला. "पडद्यावर येणार नाही असं तूच म्हणाला होतास. नापसंत झालेलं कुणाला दिसत नाही, म्हणालास. तुझं म्हणणं मी एकदाच खरं मानलं, तर बघ काय झालं."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "सगळ्यांनी कामाला जा," ते म्हणाले. "वेन—" दुसऱ्याच कुणाचं तरी नाव त्यांच्या तोंडात आलं. जावयाचं नाव त्या क्षणी आठवेना. "तुम्ही दोघं थांबा."

आत काय झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. हॉटेलवाल्याचा आवाज मालकांना नव्हता.

प्रोग्राम मी त्याच दुपारी दुरुस्त केला. फ्रीची ओळ उचलून गाण्याच्या शेवटी नेली, आणि जागा परत केल्यावर तिचा पत्ताही पुसून टाकला, म्हणजे पुन्हा चुकून कुणी तिकडे बघायला नको. यंत्र हॉटेलांत गेलं, लोक बेसूर गात राहिले, यंत्र चालत राहिलं. पुस्तिकेतली आरोग्याची ओळ मी खोडली. मला विभागप्रमुख केलं. अभिनंदन करायला वेइ पहिला आला. त्याने मला सांगितलं, त्याचा पहिल्यापासून माझ्यावरच विश्वास होता. फ्रीजची ओळ कुणाची, ते मी कुणालाही विचारलं नाही. मला खात्री आहे की ती व्याकरणशुद्ध लिहिणारं या इमारतीत कुणी नाही, म्हणून कधीकधी वाटतं, दोघांनी मिळून लिहिली असेल.

जावईबापूंना ताइपेमध्ये एका मित्राच्या कंपनीत जागा मिळाली. मित्र असणार, नाहीतर कोण देतं? युन-चिए काही त्यांच्याबरोबर लगेच गेली नाही. ती आता विक्री बघते आणि चांगलं बघते. शेवटच्या दिवशी ते खोकं घेऊन लिफ्टपाशी उभे होते. वर काचेत बसवलेलं डॉक्टरेटचं प्रमाणपत्र. मी खाली जायला तिथे आले. टाळता येण्यासारखं नव्हतं.

त्यांनी हातातलं खोकं सावरलं. मग पहिल्यांदाच, दात न दाखवता म्हणाले, "मेइ-ह्वा ताई, एक विचारू? जागा परत केल्यावरही चाचणीत शब्द बरोबर दिसत होते. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की ते बरोबर आहे."

इतका साधा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. क्षणभर मला त्यांची दया येणार होती.

"जुनी अक्षरं पुसली गेली नव्हती, साहेब," मी म्हटलं. "जागा कुणी मागितली नव्हती, म्हणून दिसली."

त्यांनी मान हलवली. चेहरा उजळला. "अच्छा! म्हणजे मी मॅलॉकच्या ऐवजी कॅलॉक वापरायला हवं होतं! ते पुसून देतं."

कॅलॉक जागा देताना पुसून देतं. परत केलेल्या जागेत डोकावू नये, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. सगळा घोळ, सगळा तमाशा, ताइपेची नवी नोकरी, आणि माणूस जिथल्या तिथे. समजावून सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

लिफ्टचं दार उघडलं. खोकं जड होतं म्हणून मी त्यांच्यासाठी तळमजल्याचं बटण दाबलं आणि स्वतः बाहेरच थांबले.

"हो साहेब," मी म्हटलं. "तिकडे कॅलॉकच वापरा."